अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि हातांचे शिक्षण



कापडाच्या पेढीवर नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर बसवीत नाहीत. प्रथम काही महिने तो ताके उलगडतो आणि पुन्हा घडी घालून फळीवर ठेवतो. सुती कोणते, मिश्र धाग्याचे कोणते, खळ देऊन जड केलेले कोणते, हे त्याला कोणी व्याख्या करून शिकवीत नाही. पदर चिमटीत धरता धरता एके दिवशी बोटांनाच ते कळू लागते आणि त्यानंतर त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.

अभियांत्रिकीच्या शिक्षणात हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. बारावीची परीक्षा आणि प्रवेश परीक्षा यांच्या चरकातून निघालेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो, तेव्हा ओहमचा नियम त्याला तोंडपाठ असतो. त्यावरील शेकडो उदाहरणे त्याने सोडविलेली असतात. परंतु रंगीत पट्टे असलेला एक रेझिस्टर त्याच्या तळहातावर ठेवला आणि हा किती ओहमचा, असे विचारले, तर तो गोंधळतो. मल्टीमीटरची तार कोणत्या खाचेत घालावी हे त्याला ठाऊक नसते. यात त्याचा दोष नाही. वस्तू हाती धरण्याची संधीच त्याला कोणी दिलेली नसते.

खरी चिंतेची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या वर्षी ही उणीव भरून निघाली नाही, तर ती चौथ्या वर्षापर्यंत तशीच झाकलेली राहते. मग अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची वेळ येते. मोठ्या शहरांतून तयार प्रकल्प विकत मिळतात, ही गोष्ट आता कोणापासून लपलेली नाही. काही हजार रुपये मोजले की चालू स्थितीतील यंत्र, छापील अहवाल आणि तोंडी परीक्षेत विचारले जाणारे संभाव्य प्रश्न असे सर्व एका पिशवीत घालून मिळते. चार जणांचा गट पैसे वाटून घेतो. पिता जर व्यापारी असेल, तर ताक्याचा पदर चिमटीत धरल्याखेरीज तो आयुष्यात एक वारही माल घेत नाही. पण मुलाचा हा प्रकल्प मात्र तो झाकण न उघडता विकत घेऊन देतो! पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरचा जाणकार मनुष्य एक कोरा कागद पुढे सरकवितो आणि म्हणतो, तुमच्या प्रकल्पाचे सर्किट काढून दाखवा. त्या कोऱ्या कागदापुढे बसलेल्या तरुणाची अवस्था कोणत्याही आईबापाने पाहू नये अशी असते.

यावरील उपाय चौथ्या वर्षी करता येत नाही. तो पहिल्या वर्षीच करावा लागतो. सुदैवाने तो फारसा खर्चिकही नाही. एक ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर, तीन-चार कपॅसिटर, काही एलईडी, ५५५ क्रमांकाच्या दोन आयसी आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एवढे साहित्य आरंभास पुरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सारे सुटे मिळते. दुकानदाराला वस्तूचे नाव आणि मूल्य सांगून ती मागणे, हाही शिक्षणाचाच भाग होय. ‘एक रेझिस्टर द्या’ म्हणणाऱ्याला ‘कितीचा?’ हा प्रतिप्रश्न येतो आणि धडा तेथूनच सुरू होतो.

ब्रेडबोर्ड म्हणजे भोके असलेला पांढरा पाट. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हौशी मंडळी स्वयंपाकघरातील पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळीत. त्यावरून हे नाव पडले. आजच्या ब्रेडबोर्डवर भोकांमधील अंतर इंचाचा दहावा भाग असते, म्हणजे आयसीच्या पायांइतकेच. मधल्या खाचेच्या प्रत्येक बाजूस पाच-पाच भोके आतून जोडलेली असतात. कडेच्या लांब रांगा वीजपुरवठ्यासाठी असतात. येथे एक खोच आहे. लांब ब्रेडबोर्डांपैकी कित्येकांवर ही कडेची रांग मध्यावर तुटलेली असते. नवशिक्या विद्यार्थी वरच्या टोकास बॅटरी जोडतो, खालच्या टोकास सर्किट उभारतो आणि दोन तास डोके धरून बसतो. हे दोन तास वाया गेले असे मानू नये. पुढे जन्मभर ‘वीज येथपर्यंत पोहोचली काय?’ हा प्रश्न तो सर्वांत आधी विचारतो, आणि दुरुस्तीच्या शास्त्राचा निम्मा भाग या एका प्रश्नात आहे.

५५५ या आयसीचा इतिहासही विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅन्स कॅमेनझिंड यांनी अमेरिकेतील सिग्नेटिक्स या कंपनीसाठी १९७१ मध्ये तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. त्यांच्या पहिल्या आराखड्यास नऊ पाय लागत होते. तो आराखडा तपासणीत मान्यही झाला होता. परंतु त्यानंतर आतील स्थिर विद्युतधारेची योजना काढून तेथे साध्या रेझिस्टरने भागेल, असे त्यांच्या ध्यानात आले आणि पाय आठ झाले. त्यामुळे ती स्वस्त, लहान आवरणात बसू लागली. मान्य झालेले काम पुन्हा मोडून नव्याने करण्याची तयारी नसती, तर ही आयसी कदाचित इतकी घरोघर पोहोचली नसती. अर्धशतक उलटून गेले तरी ती आजही तयार होते आणि काही रुपयांत मिळते.

या आयसीवर उभा राहणारा पहिला प्रकल्प म्हणजे लुकलुकणारा दिवा. एक किलोओहम आणि अडुसष्ट किलोओहम असे दोन रेझिस्टर आणि दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घेतला, तर पुस्तकातील सूत्रानुसार दिवा साधारण ०.९५ सेकंदात एकदा लागून विझतो. विद्यार्थी घड्याळ लावून दहा वेळांचा काळ मोजतो. साडेनऊ सेकंद यावयास हवेत. येतात कधी साडेदहा, कधी पावणेनऊ. तो गणित पुन्हा तपासतो. गणित बरोबर असते. मग त्याला कळते की, ज्या कपॅसिटरवर दहा मायक्रोफॅरड असे छापले आहे तो प्रत्यक्षात वीस टक्के कमीअधिक असू शकतो आणि तरीही तो चांगलाच माल समजला जातो. छापील आकडा आणि प्रत्यक्ष माप यांतील हे अंतर वर्गातील फळ्यावर कधीच दिसत नाही.

मात्र बहुतेकांचा दिवा पहिल्या प्रयत्नात लुकलुकतच नाही, आणि खरे शिक्षण तेथेच आहे. आयसीवरील खाच उलट्या बाजूस बसविली, तर वीज भलत्याच पायांवर जाऊन ती तापू शकते आणि कायमची जाऊही शकते. आयसी मधल्या खाचेवर न बसविता एकाच बाजूस बसविली, तर तिचे समोरासमोरचे पाय आपसांत जोडले जातात. दुसरा आणि सहावा पाय जोडावयाचा राहून गेला, की दिवा एक तर लागलेलाच राहतो वा विझलेलाच. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७० ओहम आणि पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४७०० ओहम. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि लाल यांतील फरक भल्याभल्यांना कळत नाही, आणि मग एलईडी मंद लागते. दहा मायक्रोफॅरडऐवजी चुकून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर दिवा सेकंदाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो. डोळ्यास मात्र तो अखंड जळताना दिसतो. सर्किट उत्तम चाललेले असते आणि विद्यार्थी ते बिघडले म्हणून उपसून टाकतो!

अशा वेळी सारे उपटून पुन्हा मांडण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. मल्टीमीटर घेऊन प्रथम आयसीच्या आठव्या आणि पहिल्या पायावर नऊ व्होल्ट आहेत काय ते पाहावे. बॅटरीवर नव्हे, थेट पायांवर. नंतर चौथा पाय वीजपुरवठ्यास जोडलेला आहे काय. नंतर तिसऱ्या पायावर काही हालचाल आहे काय. एका वेळी एकच गोष्ट तपासावी व एकच बदलावी. जो विद्यार्थी दोन गोष्टी एकाच वेळी बदलतो, त्याचा दिवा लागला तरी तो कशामुळे लागला हे त्याला कळत नाही.

दिवा एकदा लुकलुकू लागला की बहुतेक जण छायाचित्र काढून थांबतात. परंतु खरी गंमत त्यापुढील दहा मिनिटांत आहे. दहाऐवजी शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. आता एका फेऱ्यास सुमारे साडेनऊ सेकंद लागतात. मल्टीमीटरची टोके त्या कपॅसिटरवर धरावीत. आकडा हळूहळू चढू लागतो, तीन व्होल्ट, चार, पाच. सहाच्या आसपास पोहोचताच दिवा विझतो आणि आकडा उतरू लागतो. तीनवर येताच दिवा पुन्हा लागतो. पुरवठ्याच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या दोन मर्यादांच्या मध्ये हे चढणे-उतरणे अखंड चालते. चढताना आरंभी वेग जास्त आणि शेवटी कमी, हेही लक्ष देऊन पाहणाऱ्यास जाणवते. पहिल्या वर्षाच्या गणितात शिकविला जाणारा घातांकी वक्र तो हाच. ज्याने तो असा डोळ्यांनी पाहिला, त्याला तो परीक्षेसाठी पाठ करावा लागत नाही.

यानंतर अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा करावा. त्यास प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर पुरतात. येथे एवढेच सांगणे आहे की, बीसी ५४७ मिळाला नाही म्हणून दुकानदाराने २एन ३९०४ दिला, तर काम तेच होते, पण दोहोंच्या पायांचा क्रम एकमेकांच्या उलट असतो. माहितीपत्रक वाचण्याची सवय लागते ती अशाच फजितीतून.

सोल्डरिंगविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. ब्रेडबोर्डवरील सर्किट हलविले की सुटते. टिकाऊ वस्तू हवी तर झाळकाम आले. पंचवीस वॉटचे सोल्डरिंग आयर्न नवशिक्यास पुरेसे होते. सर्वसाधारण चूक अशी की विद्यार्थी सोल्डरची तार आयर्नच्या टोकावर वितळवितो आणि तो थेंब जोडावर ठिपक्यासारखा ठेवतो. जोड मुळात गरमच नसल्याने सोल्डर त्यास धरत नाही. बाहेरून पक्का दिसणारा असा जोड आतून सुटा असतो. त्यास कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. असे यंत्र टेबलावर चालते आणि परीक्षकासमोर बंद पडते. योग्य रीत अशी की, आयर्नचे टोक पट्टीस आणि पायास एकत्र टेकवावे, दोन-तीन सेकंद थांबावे आणि तार आयर्नला नव्हे, तर जोडाला लावावी. सोल्डर आपण होऊन पसरते. धूर नाकात जाणार नाही अशा हवेशीर जागी बसावे आणि सोल्डरमध्ये शिसे असल्याने काम संपताच हात साबणाने धुवावेत. हात न धुता खाऊ नये. आयर्न चटका देते म्हणून मुलींच्या हाती ते देण्यास काही घरांत आजही नाखुषी दिसते. ज्या घरांत मुलगी दहाव्या वर्षापासून तव्यावरील पोळी उलटते, तेथे हा युक्तिवाद टिकण्यासारखा नाही.

वीजपुरवठ्याचा छोटा संच हा पहिल्या वर्षातील सर्वांत उपयुक्त प्रकल्प. पण तो घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी संबंधित असल्याने प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि ७८०५ ही आयसी, एवढ्यातून स्थिर पाच व्होल्ट मिळतात. यात एक धक्का दडलेला आहे. ट्रान्सफॉर्मरवर बारा व्होल्ट असे लिहिलेले असते. कपॅसिटरवर मोजावे तर मीटर साडेपंधरा किंवा त्याहूनही अधिक दाखवितो. विद्यार्थ्यास वाटते मीटर बिघडला. वास्तविक बारा हा प्रत्यावर्ती विजेचा परिणामी आकडा. तिचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे सतरा व्होल्ट असते, आणि डायोडांमध्ये दीडएक व्होल्ट खर्च होतात. बारा आहे म्हणून ज्याने सोळा व्होल्टचा कपॅसिटर बसविला, त्याचा कपॅसिटर वीज जरा चढताच फुगू किंवा फुटू शकतो. तेथे पंचवीस व्होल्टचाच हवा. हे ‘वर्गमूळ दोन’ वहीत दोन गुणांचे असते, येथे ते कपॅसिटर वाचविते. त्याचप्रमाणे बारा व्होल्ट घेऊन पाच देणारी आयसी अर्धा अँपियर वाहत असेल, तर उरलेले सात व्होल्ट साडेतीन वॉट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणून तिच्या पाठीस अॅल्युमिनियमची पट्टी लावावी लागते. बोट लावताच हे गणित पटते.

हल्ली पुष्कळ विद्यार्थी थेट अर्दुइनोपासून आरंभ करतात. इटलीतील इव्हरेया येथे २००५ मध्ये कलाविषयक आराखड्याच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेला हा फलक फार उपकारक ठरला, याबद्दल दुमत नाही. पण पाच मिनिटांत दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली त्यावर चढवून दिवा लुकलुकविता येतो, आणि दिवा का लुकलुकला हा प्रश्न विचारावाच लागत नाही. त्यामुळे अर्दुइनो हाती घेण्यापूर्वी एक सत्र तरी सुट्या भागांवर घालवावे. संगणकाच्या पडद्यावर सर्किट जोडण्याच्या सोयीही आता आहेत. त्यांचा उपयोग करावा, परंतु पडद्यावरची तार कधीच सैल होत नाही, हाच त्यांतील मोठा दोष आहे.

हाताने जोडण्याचा हा मार्ग नवा नव्हे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने १९४७ मध्ये महायुद्धातील शिल्लक सामान वापरून ऑसिलोस्कोपचा संच सुट्या भागांच्या रूपात विकण्यास काढला. सोबतच्या पुस्तिकेत एकेक पायरी लिहिलेली असे आणि ती पूर्ण होताच खूण करावयास मोकळी जागा सोडलेली असे. पुढे दशकानुदशके तेथील तरुणांनी असे संच घरी जोडले. तयार वस्तू संचापेक्षा स्वस्त मिळू लागल्या आणि १९९२ मध्ये कंपनीने ते संच काढणे थांबविले. स्टीव्ह जॉब्ज यांनी १९९५ च्या एका मुलाखतीत याच संचांची आठवण काढली होती; भोवतालच्या वस्तू कोणा गूढ शक्तीने नव्हे, तर माणसांनी घडविलेल्या आहेत, हा विश्वास त्यांतून मिळाल्याचे त्यांनी सांगितले होते.

महाराष्ट्रालाही याबाबतीत दूर पाहण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात येऊन राहिला आणि शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना जोडकाम, वीजकाम, शेती, बांधकाम असे सर्व प्रत्यक्ष हाताने करावयास लावून विज्ञान शिकवू लागला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळा संस्थेबाहेर उभारण्यास आरंभ केला, तेव्हा अगदी आरंभीच्या कार्यशाळांपैकी एक २००२ मध्ये पाबळलाच उभी राहिली. ज्या मुलांस शाळेने नापास म्हणून बाजूस सारले, त्यांच्या हाती ही साधने आली. आणि नव्वद टक्के गुण मिळवून अभियांत्रिकीस गेलेल्या मुलाने मात्र प्रकल्प विकत घ्यावा, हा विरोधाभास लाजिरवाणा आहे.

आता पालकांसंबंधी. इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासावर लक्ष कसे ठेवावे, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. त्यांना इलेक्ट्रॉनिक्स कळण्याची गरज नाही. पावती वाचता आली तरी पुरे. प्रकल्पासाठी पैसे मागितले की नाही म्हणू नये, पण पावती अवश्य मागावी. पावतीवर ‘प्रकल्प, एक नग’ अशी एकच ओळ आणि खाली मोठी रक्कम असेल, तर काय विकत घेतले गेले ते उघड आहे. पावतीवर पंधरा-वीस ओळी असाव्यात: रेझिस्टर, कपॅसिटर, तार, सोल्डर, प्रत्येकापुढे किरकोळ रक्कम. आठवड्याने दुसरी पावती यावी आणि तिच्यावर पुन्हा तीच ५५५ लिहिलेली असावी. पहिली जळाली, असे मुलगा मान खाली घालून सांगेल. त्या वेळी रागावू नये. खाच कोणत्या बाजूस होती, एवढेच विचारावे.